मोरूने पाहिलं तेवढंच

मी एक फळी. सागाची, माणसाच्या उंचीहून थोडी लांब आणि हातभर रुंद. फळी बोलते म्हणून दचकू नका; आज दचकायची पाळी माझी आहे. सकाळीच अनंता सुतार आला. त्याने मला प्रार्थनाघराच्या ओट्यावरून उचललं, अंगणात उन्हात आडवं टाकलं आणि गेरूत भिजवलेली दोरी ताणून माझ्या अंगावर लाल रेघ उठवली. मग करवत विसरली म्हणून तो घरी परत गेला. मला कशासाठी कापणार आहेत ते मी ऐकलंय. तो येईपर्यंत माझी हकिगत सांगून टाकते.

लाकडाला काही वाटत नाही असं माणसं समजतात. समजोत बापडी. माझ्या वाट्याला आलेले धक्के एखाद्या माणसाला बसले असते, तर त्याने कायमचं अंथरूण धरलं असतं.

मूळची मी रोह्याकडच्या डोंगरातली. झाड तुटलं आणि रेवदंड्याच्या खाडीकाठी मचवा, म्हणजे मालाचं शिडाचं गलबत, बांधायला आणलं गेलं. सरळ फळ्या मचव्याच्या अंगात बसल्या. मी जराशी वाकडी निघाले, म्हणून सुताराने मला बाजूला भिरकावलं. पण टाकाऊ वस्तूचंही कुठेतरी अडतंच. मचवा काठाला लागला की माझं एक टोक मचव्यावर आणि दुसरं काठावर टेकवायचं, आणि माझ्यावरून माणसांनी मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन चढायचं, असं माझं काम ठरलं. लोकांनी तुडवावं आणि आपण वाकू नये, हाच माझा धंदा. त्यामुळे मी माणसांना तोंडावरून ओळखायला कधी शिकलेच नाही. मी ओळखायची ती पावलांवरून.

उरणच्या खाडीतल्या एका मिठागरावर मचवा लागायचा. तिथली दोन पावलं माझ्या विशेष ओळखीची. मोरूचं पाऊल जपून पडायचं, टाच आधी, मग बोटं. नामाचं उतावळं. त्याच्या डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला होता, लहानपणी फावड्याखाली सापडल्यामुळे. दोघं शेजारी, एका वयाचे. भांडायचेही एकत्र आणि जेवायचेही एकत्र.

दोघांचीही घरं ख्रिस्ती, बापाच्या पिढीपासून. गावात अशी मोजकी घरं होती. मातीच्या भिंतींचं आणि नळ्याच्या कौलांचं एक प्रार्थनाघर होतं. तिथे आठवडाभर रामचंद्र मास्तर शाळा चालवायचे आणि रविवारी तेच उपासना घ्यायचे. नामाचं लग्न नुकतंच झालेलं. बायको केसर, डोंगराकडच्या भातशेती करणाऱ्या हिंदू घरातली, लग्नाआधी बाप्तिस्मा घेऊन इकडे आलेली. माहेरचे लोक त्यावरून रुसले होते. घरात सासू आवडाबाई. मोरू एकटाच.

१९४७ सालचा मे महिना सरत आला होता. दिल्लीत म्हणे स्वातंत्र्याची तारीख ठरत होती. आमच्याकडे पाऊस लागायच्या आत मीठ हलवायची घाई. मचवा गळ्यापर्यंत भरला. उतरवायला माणसं हवीत म्हणून मचवा हाकणाऱ्या तांडेलाने मोरू आणि नामाला बरोबर घेतलं, आणि मला मिठाच्या ढिगावर आडवं टाकलं.

खाडीच्या तोंडाबाहेर आलो आणि आभाळ फिरलं. वारा असा उलटा घुसला की शीड आवरायलाही कोणाला उसंत मिळाली नाही. ओलं मीठ एका बाजूला सरकलं आणि मचवा कलंडला. तांडेल आणि खलाशी मागे बांधलेल्या होडक्यात पडले आणि लाटेबरोबर दिसेनासे झाले. मी तरंगले. सुटी होते म्हणून तरंगले. जन्मभर ज्यांनी मला तुडवलं, त्यांच्यातले दोघे माझ्या दोन टोकांना लटकले होते.

मी दोघांना पेलत नव्हते, हे खरं सांगायला हवं. मी बुडत होते आणि वर येत होते. मोरूची बोटं माझ्या कडेत रुतली होती. नामा ओरडला, "मोऱ्या, सोडू नको रं." मग एक लाट आली. ती ओसरली तेव्हा नामाच्या बाजूचं टोक हलकं झालं होतं. तो हात गेल्याचं मला अजून जाणवतं.

मोरू मांडव्याच्या किनाऱ्याला लागला. त्याला माझ्यापासून सोडवायला लोकांना त्याची बोटं एकेक करून उचलावी लागली. शुद्धीवर आल्यावर तो मला खांद्यावर घेऊन गावाकडे निघाला. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तांडेल आणि खलाशीही पुढे कुठेकुठे किनाऱ्याला लागले. नामाचा पत्ता नव्हता.

नामाच्या दारात आवडाबाई उभी होती, मागे केसर. आवडाबाईने विचारलं, "माजा नामा?"

"माझ्यासंगं फळीला धरून व्हता," मोरू म्हणाला. "लाट आली. त्याचा हात सुटला. खाली गेलेला मी पायला. वर आलेला न्हाय पायला."

त्याने सांगितलं ते एवढंच. पण ते ओसरीवरून अंगणात गेलं तेव्हा 'नामा बुडाला' झालं, आणि अंगणातून वेशीपर्यंत पोचलं तेव्हा 'नामा मेला' झालं. संध्याकाळी विहिरीवर नामाचं शेवटचं बोलणंही लोकांना तोंडपाठ होतं. मी स्वतः तिथे हजर होते; त्यातलं एक अक्षर तो बोलला नव्हता.

मग जे झालं त्याचा विचार आला की आजही माझ्या शिरा ताठ होतात. प्रेत मिळेना. आवडाबाई हट्टाला पेटली. "माज्या लेकाला माती तरी द्या," ती म्हणाली. "ह्या फळीला त्याचा हात लागलाय. हीच पुरा." आणि कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. शेजारच्या हिंदू घरांत परदेशी मेलेल्या माणसाचा गवताचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आमच्या ख्रिस्ती मंडळींनी पुतळ्याऐवजी मला धरलं. दफनभूमीत खड्डा खणला गेला. जिवंत फळीची मयत.

त्याआधी बायकांनी केसरला आणलं. तिचे हात माझ्यावर टेकवले आणि दगडाने बांगड्या फोडल्या. रामचंद्र मास्तर नको नको म्हणत होते, पण बायकांपुढे त्यांचं काय चालणार. काच माझ्यात रुतली. हिरवा एक कण आजही माझ्या अंगात आहे. केसर रडली नाही. ती त्या काचेकडे नुसती बघत राहिली, हे हात कोणाचे असं विचारल्यासारखी.

मला चौघांनी उचललं. खड्ड्याच्या कडेला मोरू आडवा आला. अंगात ताप होता.

"कशाची माती देता?" तो म्हणाला. "मी त्याला बुडताना पायला. मेलेला न्हाय पायला. माज्या सांगन्यावर खड्डा खनला असंल, तर माजं सांगनं एवढं खोल न्हाय."

बुधाजी मंडळीचा पंच होता आणि मिठागराचा मुकादम. मोठ्या आवाजाचा माणूस. तो म्हणाला, "अरं, पान्यात गेलेला मानूस खाली बसून विडी वढत असंल काय?"

"ते मला ठावं न्हाय. जे ठावं हाय ते सांगितलं."

लोक चिडले. पण मास्तर पुढे आले आणि म्हणाले, "खड्डा बुजवा. पाहिलेल्या माणसाने मेला म्हटलेलं नाही. आपण कोण म्हणणार? ही फळी प्रार्थनाघरात राहील."

अशी मी खड्ड्याच्या काठावरून परत आले. प्रार्थनाघरात शाळेचंच एक डुगडुगतं मेज होतं. मास्तरांनी ते काढलं, दोन लाकडी घोड्यांवर मला ठेवलं आणि वर धुतलेलं पांढरं कापड अंथरलं. पाय झेलणाऱ्या फळीवर आता प्रभुभोजनाची तांदळाची भाकर आणि मनुका उकळून काढलेल्या रसाचा पेला मांडला जाऊ लागला. एवढा मान मिळाल्यावर कोणाचंही डोकं फिरलं असतं. मला मात्र पहिले कित्येक रविवार नुसती धडकी भरायची.

आणि तिथेच आमच्या मंडळीची ती रीत पडली. कोणालाही साक्ष द्यायची असेल, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं असेल, तर त्याने माझ्यावर हात ठेवायचा आणि पाहिलं तेवढंच बोलायचं. कोणी वाहवत गेला की मास्तर हळूच विचारायचे, "हे पाहिलंत का?" मग तो माणूस ओशाळून दोन पावलं मागे यायचा. बुधाजीच्या साक्षी या रीतीने निम्म्याहून आखूड झाल्या, आणि उपासना वेळेवर सुटू लागली.

मास्तर म्हणायचे, "प्रेषित म्हणजे कोण? कोणी पंडित नव्हते. बरेचसे आपल्यासारखे जाळी ओढणारे. त्या अकरा जणांनी मरून पुन्हा उठलेल्या प्रभूला पाहिलं, त्याचं बोलणं ऐकलं, त्याला हात लावला, आणि जे झालं ते येऊन सांगितलं. का सांगितलं? आपणही त्यांच्या पंगतीला येऊन बसावं म्हणून. नुसती बातमी द्यायची असती तर ते सांगून निघून गेले असते."

आवडाबाई रविवारी यायची आणि मोरूकडे पाठ करून बसायची. लेकाला माती मिळू दिली नाही, हा तिचा राग. केसर दाराशी चटईवर बसायची. मिठागरावर पाट्या वाहून तिचे हात फाटले होते.

दुसऱ्या वर्षी तिचा भाऊ रघू तिला माहेरी न्यायला आला. रविवारचा दिवस होता, म्हणून थेट प्रार्थनाघराच्या दारातच उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. बहिणीचे हात बघून त्याचा जीव तुटत होता.

"चल घरी," तो म्हणाला. "नवरा गेला, आता हितं काय हाय तुजं? आनि हा देव तरी कुनी पायलाय ह्यांच्यातल्या? दोन हजार वर्सांमागची गोष्ट. ह्यानं त्याला सांगितली, त्यानं ह्याला सांगितली. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात."

सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांनी तोंड उघडायच्या आत केसर उठली. ती कधी चारचौघांत बोललेली नव्हती. तिने येऊन माझ्यावर हात ठेवला, बरोबर त्या काचेच्या कणावर.

"दादा," ती म्हणाली, "माजा नवरा बुडाला तवा मी तितं व्हते का? मी काय पायलं? मोरूभाऊजी येकटं सांगत आलं. त्या येका मानसाच्या सांगन्यावर मी ह्या बांगड्या फोडल्या. माजं कपाळ मोकळं केलं. तुमी समद्यांनी खरं मानलं. तू सुदिक मानलंस, म्हनून तर न्याया आलास. येकाच्या सांगन्यावर मी रांडव झाले, मग अकरा जनांच्या सांगन्यावर मेलेली उठतील अशी आस मला धरू दे की."

रघू भाकरी खाऊन परत गेला. पण त्या दिवशी मोरू मान खाली घालून बसला होता. त्याचं ते बसणं मला आवडलं नाही. काहीतरी त्याला टोचत होतं.

ते काय, हे बुधाजीने लग्नाचं काढलं तेव्हा कळलं. नामा जाऊन चौथं वर्ष लागलं होतं. केसर तरुण होती. ख्रिस्ती विधवेला दुसऱ्या लग्नाची मोकळीक. बुधाजी मास्तरांना म्हणाला, "मोरू बिनलग्नाचा, ती येकटी. ह्यापरीस बरी जोडी कुठं घावंल?" सगळ्या गावाला दिसत होतं की केसरच्या घरावरचं कौल सरकलं तर मोरू चढतो, जळण संपलं तर मोरू टाकतो. आणि मला तर आणखीही दिसत होतं. माझ्यावर भाकर मांडताना तिचा पदर दारातून दिसला की मोरूच्या हाताला किंचित कंप सुटायचा. एवढं प्रेम मी कोणाच्या हातात कधी पाहिलेलं नाही.

मास्तरांनी त्याला विचारलं. मोरू म्हणाला, "न्हाय."

"अरे, का?"

"मी त्याला मेलेला न्हाय पायला."

बुधाजीने कपाळावर हात मारला. "येड लागलंय ह्याला. चार वर्सं झाली."

"चार झाली काय अन् चाळीस झाली काय, माजं पायलेलं वाढत न्हाय," मोरू म्हणाला, आणि बाहेर जाऊन बांधावर बसून राहिला. स्वतःच्याच शब्दाने स्वतःचं घर मोडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला त्याचा राग आला. मी त्याच्याबरोबर समुद्रात होते. नामा संपला याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नव्हती.

आणि मग तो रविवार. हिवाळा होता, नवीन हंगामाचं पाणी मिठागरात सोडलेलं. मास्तरांनी भाकर मोडायला हात पुढे केला आणि दारातला उजेड बंद झाला. कोणीतरी उंबऱ्यात उभं होतं. दाढी वाढलेली, अंग वाळलेलं, एक पाय लंगडा.

पहिली किंकाळी आवडाबाईची. दुसरी बुधाजीची, आणि ती जास्त मोठी होती. मेलेले उठतील हे आमच्यात सर्वांत ठासून सांगणारा हा माणूस "भूत, भूत" म्हणत माझ्याखाली शिरला. एक घोडा कलला, मी तिरपी झाले आणि पेला माझ्यावर सांडला. बाकीचे भिंतीला चिकटले. आणि एकजात सगळ्यांच्या नजरा गेल्या कुठे, तर त्या माणसाच्या पायांकडे. भुताचे पाय उलटे असतात ना! दर रविवारी पुनरुत्थानाची गाणी गाणारी मंडळी, आणि आलेल्या माणसाचे पाय तपासत होती.

मीही पाय पाहिले. डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला. सागाला शहारा येत नाही म्हणतात, मला आला.

"पाय सरळ हायत," नामा म्हणाला. "बगा नीट. आनि कुनीतरी खायाला द्या. सकाळपासून पोटात काय न्हाय."

कोणी हलेना. शेवटी केसर उठली. दुपारसाठी आणलेली भाकरी आणि भाजलेला बोंबील तिने फडक्यातून काढला आणि त्याच्यापुढे धरला. तिचा हात त्याच्या हाताला लागला तेव्हा तिने तो पटकन मागे घेतला, आणि मग पुन्हा पुढे करून त्याचं मनगट घट्ट धरलं. नामा उभ्यानेच खाऊ लागला. एका माणसाचं चावणं सगळं प्रार्थनाघर ऐकत होतं. मास्तर भिंतीला टेकून खाली बसले. "असंच झालं असेल," ते पुटपुटत होते, "उठलेल्या प्रभूने त्या अकरांपुढे मासा खाल्ला, तेव्हाही असंच झालं असेल. आणि मी इतकी वर्षं हे किती सहज सांगत होतो."

आवडाबाई जवळ आली. लेकाचं कपाळ, कान, खांदा, सगळं तिने आंधळ्यासारखं चाचपलं. 

हकिगत नामाने सांगितली ती अशी. लाटेने तो दूर फेकला गेला, मोडक्या डोलकाठीला लटकला. पाऊस लागायच्या आत घर गाठायच्या घाईत असलेल्या एका सिंधी गलबताने त्याला उचललं. ते मागे वळलं नाही. कराचीला उतरवलं तेव्हा पाय मोडलेला होता. तो बरा होईपर्यंत देशाचे दोन देश झाले होते. मग परमिट मिळेना. तिथल्या मिठागरात राबला. "मीठ तितंबी खारटच," तो म्हणाला.

"निरोप तरी धाडायचास," आवडाबाई म्हणाली.

"धाडला व्हता. आपल्या कोकनातलाच येक खलाशी मुंबईला येत व्हता. परवा त्यो भाऊच्या धक्क्यावर घावला. म्हनला, उरनला यायचा कंटाळा आला, मग राहूनच गेलं."

हे ऐकून मी हादरले ती अजून सावरलेली नाही. कंटाळा! एका माणसाने खाडी ओलांडायचा कंटाळा केला आणि इकडे एका बाईने कोरे हात घेऊन एवढे हंगाम मीठ वाहिलं. त्या जुन्या जाळी ओढणाऱ्यांनी असाच कंटाळा केला असता, तर आमच्या या मातीच्या भिंतींत कोण कोणाजवळ बसलं असतं?

तोवर बुधाजी माझ्याखालून निघाला होता आणि घाबरल्याची लाज झाकायला त्याला कोणीतरी हवं होतं. "मोरू," तो गरजला, "हीच फळी खांद्यावर घेऊन तू साक्ष दिलीस. खोटी ठरली. हीच खोटी, तर मास्तर, मग त्या अकरांचं तरी काय धरायचं? उद्या रघू येऊन हसंल आपल्याला."

 प्रश्न उर्मट होता, पण प्रत्येकाच्या पोटात तोच होता.  मोरू कोपऱ्यात उभा होता, नामाकडे बघत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. स्वतःची बाजू मांडायचं त्याच्या मनातही नव्हतं.

केसरने मला सरळ केलं. सांडलेला रस पदराने पुसला आणि हात ठेवला.

"मोरूभाऊजींनी मेला असं कदी म्हटलं?" ती म्हणाली. "आठवा. कुनी ऐकलंय? बुडताना पायला, एवढंच म्हनले. खड्ड्यापाशी म्हनले, लग्नाच्या वक्ताला म्हनले. मेला आपन म्हटलं. मी रघूदादाला सांगितलं, त्यांच्या सांगन्यावर बांगड्या फोडल्या. ते माजं चुकलं. त्यांच्या सांगन्यावर न्हाय, तुमच्या सांगन्यावर फोडल्या. त्यांची साक्ष तवा खरी व्हती, आज बी खरी हाय. आमी तिच्यात भर घातली."

मग ती मास्तरांकडे वळली. "त्या अकरांनी भर घातली नसंल, तर माजी आस तशीच हाय. आनि मला वाटतं न्हाय घातली. घातली असती तर प्रभू गेल्यावर आपन घाबरून दार लावून बसलो व्हतो, हे त्यांनी सांगितलं असतं का? बुधाजीभाऊ, तुमी घरी जाऊन सांगाल का, मी फळीखाली शिरलो व्हतो म्हनून?"

कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळेच. शेवटी बुधाजीही. मास्तरांनी सांडलेला पेला पुन्हा भरला. त्या दिवशी नामा आणि मोरू माझ्यापुढे खांद्याला खांदा लावून बसले, आणि आवडाबाईने आपल्या वाटची भाकर मोडून आधी मोरूच्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी कासाराला बोलावून केसरला बांगड्या भरल्या, त्याही तिनेच.

मोरूने पुढे लग्न केलं नाही. नामाच्या घराला चिकटून त्याचं घर. एकाची चूल पेटली नाही तर दुसऱ्याकडे जेवण. त्याच्या हाताचा तो कंप मात्र कधी गेला नाही. मी कोणाला सांगितलं नाही. आज सांगते, कारण ते मी पाहिलेलं आहे.

दिवस पालटले. मास्तर गेले. १९६० साल उलटल्यावर पक्क्या भिंतींचं प्रार्थनाघर झालं, मुंबईहून पॉलिश केलेलं मेज आलं आणि मला ओट्यावर टाकलं. लोक माझ्यावर चपला ठेवू लागले. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण पावलांशी माझी जुनी ओळख. तेवढाच वेळ जायचा. वाईट वाटायचं ते निराळ्याच गोष्टीचं. नव्या मेजावर कोणी हात ठेवत नाही. पॉलिश खराब होतं. आणि साक्षी पुन्हा लांबत चालल्या आहेत.

काल दुपारी मोरू गेला. छातीत कळ आली आणि आटोपला. नामा आणि केसर उशाशी होते. आज सकाळी मंडळी जमली, तेव्हा केसर आत गेलीच नाही. ओट्यावर आली, माझ्यावरच्या चपला एकेक करून खाली ठेवल्या आणि गुडघे टेकून हात ठेवला. केस पांढरे झालेत तिचे. आतले लोक बाहेर आले.

"मोरूभाऊजींना जाताना मी पायलं," ती म्हणाली. "ह्या बारीला मेलेलंच पायलं. डोळं मीच मिटलं. एवढी माजी साक्ष. ते उठतील, हे मी पायलेलं न्हाय. ज्यांनी तसं उठलेला पायला त्यांचं ऐकलंय. आनि खरं सांगनारा मानूस कसा असतो, हे मला भाऊजींमुळं कळलं. म्हनून मी त्यांचं खरं मानते."

नामा तिच्या शेजारी खाली बसला आणि कितीतरी वेळ त्याने मला हात लावला नाही. मग लावला. तोच हात, तेच टोक.

मोरूच्या शवपेटीला तळाची फळी कमी पडत होती. अनंता म्हणाला, बाजारातून आणतो. केसर म्हणाली, "ही घ्या."

तर असं आहे. अनंता बांधावरून येताना दिसतोय, खांद्यावर करवत आहे. ज्या माणसाच्या शब्दाने मला एकदा खड्ड्याच्या काठावरून परत आणलं, त्याच्याबरोबर मी आज त्याच मातीत जाणार. मला भीती वाटत नाही असं नाही. पण तक्रार नाही. जाता जाता तुम्हाला एकच सांगणं: पाहिलं असेल तेवढंच सांगा, पण सांगा. वाटेत खाडी आली म्हणून कंटाळू नका. पलीकडे कोणीतरी कोऱ्या हातांनी बसलेलं असतं.

समुद्रात मोरूचं वजन माझ्यावर होतं. आता पुन्हा येईल, पाठीखाली मीच असेन. आणि मास्तर सांगायचे तो मेलेले उठण्याचा दिवस खरंच उजाडला, तर ते वजन उचललं जाईल. सगळ्यांच्या आधी ते मला कळेल.